जिना असलेला मनोरा

दरवर्षी जानेवारी महिना लागला की जगातले निवडक बुद्धिबळपटू नेदरलँड्समधल्या वाइक आन झे नावाच्या खेड्यात जमतात. समुद्रकाठचे हे गाव, वस्ती जेमतेम अडीच हजारांची. आमच्या यावल तालुक्यातली कितीतरी गावे त्याहून मोठी निघतील. पण बुद्धिबळाच्या दुनियेत या गावाच्या नावाला जो मान आहे तो भल्याभल्या राजधान्यांना नाही. आज ही स्पर्धा 'टाटा स्टील' या नावाने ओळखली जाते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तिची बातमी येते ती एवढीच की अमुक भारतीय जिंकला किंवा तमुक हरला. २०२५ साली प्रज्ञानंदने अतिरिक्त डावांत जगज्जेत्या गुकेशला हरवून ही स्पर्धा जिंकली तेव्हा रकानेच्या रकाने भरून आले. पण ही स्पर्धा उभी कोणी केली, कशासाठी केली आणि ती ऐंशी वर्षांहून अधिक काळ टिकली कशी, हे कोणी सांगितले नाही. आमच्या मते चळवळीच्या वाचकाने समजून घ्यावे असे जे काही आहे ते नेमके तिथेच आहे.

ही स्पर्धा कोणा राजाने सुरू केली नाही, कोणा नवाबाने नाही, की कोणा संस्थानिकाच्या दिवाणखान्यात ती जन्मली नाही. ती जन्मली पोलाद कारखान्याच्या सावलीत. आयमाउडन येथे १९१८ साली हूगोव्हन्स नावाची पोलाद कंपनी स्थापन झाली. हूगोव्हन्स या शब्दाचा अर्थच मुळी झोतभट्ट्या. या कारखान्यातल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या नोकरदारांच्या मंडळातून शेजारच्या बेव्हरवाइक गावात १९३८ साली पहिली स्पर्धा भरली. तिच्या वरच्या गटात खेळाडू होते अवघे चार! त्यातून आजची स्पर्धा वाढली. पुढे जर्मन फौजांनी देश ताब्यात घेतला, तरी १९४५ चा अपवाद सोडला तर ती भरत राहिली. त्या शेवटच्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमारीने हजारो माणसे मेली. खायला अन्न नव्हते, जाळायला कोळसा नव्हता. अशा देशात १९४६ साली पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली गेली. समारोपाच्या जेवणाला काय वाढावे? मेजवानी द्यायला घरात काही नाही. मग वाळलेल्या वाटाण्याचा दाट रस्सा शिजवला आणि पाहुण्यांना तोच वाढला. पुढे देशात सुबत्ता आली, स्पर्धेला मोठे पुरस्कर्ते मिळाले, पण समारोपाला वाटाण्याचा रस्सा वाढण्याची रीत मोडली नाही. गरिबीचे दिवस लपवण्याची त्यांना लाज वाटली नाही. आपल्याकडे चार पैसे आले की पहिल्यांदा पुसले जाते ते गरिबीचेच नाव, हे इथे सहज आठवले.

१९६८ साली स्पर्धा बेव्हरवाइकहून वाइक आन झे येथे आली आणि तिथेच रुजली. कारखान्याचे मालक बदलत गेले, तसे स्पर्धेचे नाव बदलत गेले. १९९९ साली हूगोव्हन्स आणि ब्रिटिश स्टील एकत्र होऊन कोरस कंपनी झाली. स्पर्धा कोरसच्या नावाने भरू लागली. २००७ साली टाटा स्टीलने कोरस विकत घेतली आणि २०११ पासून टाटांचे नाव आले. आपल्या विश्वनाथन आनंदने तिचे विजेतेपद, कधी एकट्याने तर कधी विभागून, पाच वेळा मिळवले. १९८९, १९९८, २००३, २००४ आणि २००६ अशी ती वर्षे. २००३ साली आनंदच्या मागोमाग दुसरी आली ती युदित पोल्गार ही हंगेरीची बाई. सगळ्या पुरुषांच्या मेळाव्यात दुसरी!

आता मुद्द्याकडे येऊ. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली हे आपल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. एकेक जात म्हणजे एकेक मजला. आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही. खालच्या मजल्यावरचा कितीही लायक असो, तो वर जाणार नाही आणि वरचा कितीही नालायक असो, तो खाली येणार नाही. शंभर वर्षे आपण ही उपमा सांगत आलो. आता वाइक आन झेची स्पर्धा कशी बांधली आहे ते पाहा. तीही मनोराच आहे. सर्वांत वर मास्टर्स हा श्रेष्ठींचा गट, त्यात चौदा खेळाडू, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, तेरा फेऱ्या. त्याखाली चॅलेंजर्स गट. आणि त्याखाली हौशी खेळाडूंचे दहादहाचे गट. त्यात शिक्षक असतात, कामगार असतात, दुकानदार असतात, पेन्शनर असतात, शाळकरी पोरे असतात. असे शेकडो लोक त्याच गावात, त्याच दिवसांत खेळतात. समुदाय भवनातल्या एकाच सभागृहात इकडे जगज्जेता विचार करत बसलेला आणि काही पावलांवर एखादा टपालखात्यातला कारकून त्याच गांभीर्याने आपल्या पटावर डोके धरून बसलेला, हे दृश्य तिथे नेहमीचे आहे.

पण नुसते एका छताखाली बसवले म्हणजे समता आली असे आम्ही मानत नाही. एका छताखाली मालक आणि मजूरही बसतात. खरी गोष्ट पुढे आहे. या मनोऱ्याला जिना आहे! दहाच्या गटात जो पहिला येतो तो वरच्या गटाचा हक्कदार होतो. चॅलेंजर्स गटात जो पहिला येतो त्याला पुढच्या वर्षी श्रेष्ठींच्या गटात जागा मिळते. कोणाचा मुलगा, कोणत्या देशाचा, कोणाच्या ओळखीचा, हा प्रश्न नाही. नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन २००४ साली तेरा वर्षांचा पोरगा असताना तिथे तिसऱ्या म्हणजे 'क' गटात खेळला आणि पहिला आला. मग 'ब' गटात गेला. २००६ साली त्या गटात विभागून पहिला आला. २००७ साली 'अ' गटात पोहोचला आणि तळाला राहिला. २००८ साली त्याच 'अ' गटात विभागून पहिला आला आणि २०१३ साली जगज्जेता झाला. पायरी पायरीने चढलेला माणूस! तळाला राहिला तेव्हा त्याच्या गुणवत्तेवर कोणी शंका घेतली नाही, त्याला कोणी 'कोट्यातला' म्हटले नाही, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या नाशिकचा विदित गुजराथी याच जिन्याने चढला. २०१८ साली तो चॅलेंजर्स गटात पहिला आला आणि त्या हक्काने २०१९ साली श्रेष्ठींच्या गटात खेळला. त्याआधी चेन्नईचा अधिबन २०१६ साली याच वाटेने वर गेला होता. नागपूरची दिव्या देशमुख २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षे चॅलेंजर्स गटात खेळली आणि २०२५ सालीच तिने जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात तिने कोनेरू हम्पीला हरवले आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर स्पेनमधल्या लिनारेस गावाची स्पर्धा पाहावी. १९७८ साली सुरू झाली, एके काळी जगात सर्वांत बळकट म्हणून गाजली. तिथे फक्त निमंत्रितांना प्रवेश. खाली काही नाही, वर मोजके तालेवार. २०१० नंतर ती भरली नाही. पैसा आटला. पैसा वाइक आन झेलाही कमीजास्त झाला असेल. पण ज्या स्पर्धेखाली शेकडो साध्या माणसांचा पाया आहे तिला पुरस्कर्ता बदलला तरी धक्का बसत नाही, असा याचा अर्थ आम्ही लावतो. ज्या मनोऱ्याला फक्त वरचाच मजला आहे तो वाऱ्यावर उभा असतो.

आम्ही कोणत्याही गोष्टीची आरती ओवाळत नाही. वाइक आन झेच्या जिन्यालाही मर्यादा आहेत. चौदातल्या बहुतेक जागा आजही निमंत्रणाच्याच आहेत; खालून वर येणाऱ्याला त्यातली एखादीच. आणि ज्या उद्योगाच्या नावाने आज ही स्पर्धा भरते त्याच्या नावाशी आपल्या देशातल्या काही जखमाही जोडलेल्या आहेत. २ जानेवारी २००६ रोजी ओडिशातल्या कलिंगनगर येथे टाटा स्टीलच्या नियोजित कारखान्याच्या जागेवर कुंपणाची भिंत बांधण्यास आदिवासींनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात डझनभर आदिवासी मारले गेले. त्याच जानेवारीत आनंद वाइक आन झे येथे विभागून पहिला आला होता. तेव्हा त्या स्पर्धेवर टाटांचे नाव नव्हते, हे खरे. पण दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या आहेत आणि एक आपल्या पोरांना शिकवली जाते, दुसरी नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या, पावरा आणि तडवी बांधवांच्या वनजमिनीच्या दाव्यांचे कागद पाहिलेल्या आम्हाला दुसरी गोष्ट विसरता येत नाही. खेळाचा गौरव करावा. पुरस्कर्त्याला साधू ठरवू नये.

कामगारांच्या मंडळातून जागतिक स्पर्धा उभी राहते, मग आपल्याकडे तसे का झाले नाही? १९३८ हेच साल पुन्हा पाहा. डच पोलाद कामगारांनी पट मांडला त्याच वर्षी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथेच सांगितले. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. पोर्टरची जागासुद्धा त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. कापड गिरणीत विणकाम खाते त्याला बंद, याचा हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे तिकडे कामगाराला फावल्या वेळात पट मांडता येत होता आणि इकडे आपल्या कामगाराला भुसावळपासून इगतपुरीपर्यंत रुळांवर गिट्टी सारताना वरच्या पायरीचे दारच बंद होते. बुद्धी कमी नव्हती, जिना नव्हता.

आणि बुद्धी कमी नव्हती याचा पुरावा हवा असेल तर तोही बुद्धिबळानेच दिला आहे. पंजाबातला मीर सुलतान खान हा सर उमर हयात खान या जमीनदाराच्या आश्रयाने १९२९ साली इंग्लंडला गेला. तो देशी नियमांनी खेळायला शिकलेला. पाश्चात्त्य पुस्तकी ज्ञान जवळजवळ शून्य. त्याच वर्षी तो ब्रिटिश अजिंक्यपदाचा मानकरी ठरला. पुढे १९३२ आणि १९३३ साली पुन्हा. हेस्टिंग्ज येथे दर नाताळात भरणारी स्पर्धा ही त्या काळची श्रेष्ठींची वार्षिक स्पर्धा. तिथे १९३०-३१ साली त्याने माजी जगज्जेता कापाब्लांकाला हरवले. आणि त्याच उमर हयात खानाच्या घरात कामाला असलेली फातिमा नावाची तरुणी १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यवीर झाली! त्यानंतर उमर हयात खान मायदेशी परतले, त्यांच्याबरोबर हे दोघेही परतले आणि त्यांचा खेळ संपला. मालक परतला की नोकराची प्रतिभाही गाठोड्यात बांधली जाते. सुलतान खान १९६६ साली वारला. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानाची ग्रँडमास्टर पदवी दिली ती २०२४ साली. फातिमाचे नाव त्या यादीत नाही.

बायकांसाठीचे दार तर कायद्याने ठोठवावे लागले. मुंबईची रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. तीच रोहिणी १९८१ साली आशियाई विजेती झाली. दार आपोआप उघडत नाही. कोणीतरी हक्क सांगावा लागतो, हा धडा आपल्याला नवा नाही.

आता आजचे बोलू. बुद्धिबळ हा गरिबाचा खेळ आहे असे म्हणतात. पट स्वस्त, मैदान नको, बूट नकोत. हे पहिल्या पायरीपुरते खरे आहे. पुढे? ग्रँडमास्टर व्हायला २५०० मानांकन लागते, आणि परदेशी खेळाडू व ग्रँडमास्टर असलेल्या स्पर्धांत किमान सत्तावीस डावांत ठरावीक दर्जाची कामगिरी दाखवावी लागते. म्हणजे प्रवेश शुल्क, रेल्वेचे आणि विमानाचे भाडे, राहणे, शिकवणी. गुकेशचे वडील शल्यचिकित्सक. मुलाबरोबर हिंडण्यासाठी त्यांना आपला व्यवसाय थांबवावा लागला आणि स्नेह्यांनी मदत केली, हे त्या कुटुंबाने स्वतःच सांगितले आहे. दिव्याचे आणि विदितचे आईवडीलही डॉक्टर. या मुलांच्या कष्टाला आम्ही सलाम करतो. त्यातून एक तसूही काढून घेत नाही. पण डॉक्टर बापाला जिथे व्यवसाय थांबवावा लागतो तिथे यावल-रावेरच्या शिवारात केळीचे घड डोक्यावर वाहणाऱ्या बापाने काय थांबवावे? चूल?

दिव्या जिंकून आली तेव्हा राज्य सरकारने तिला तीन कोटी रुपये दिले. द्यावेत; आम्हाला आनंदच आहे. पण सरकारचा हात शिखरावर पोहोचलेल्याच्या गळ्यात हार घालायला येतो, पायथ्याच्या पोराला पहिली पायरी दाखवायला येत नाही. समाजकल्याणच्या किती वसतिगृहांत, किती आश्रमशाळांत बुद्धिबळाचा शिक्षक आहे? जळगावला जैन उद्योगसमूहाच्या आश्रयाने मोठमोठ्या स्पर्धा भरतात, देशभरातली मुले येतात. ती चांगलीच गोष्ट आहे. पण सातपुड्याच्या पाड्यावरच्या मुलाला यावल, भुसावळ करत जळगाव गाठायचे तर एस.टी.चे भाडे आणि आईबापाचा दिवसाचा रोज, दोन्ही बुडतात. दार उघडे आहे. दारापर्यंतचा रस्ता नाही.

काही जण म्हणतील, आपल्या पोरांनी आधी स्पर्धा परीक्षा द्याव्यात, हे बैठे चोचले कशाला? काही जण म्हणतील, हा तर राजेरजवाड्यांचा, पारावरच्या रिकामटेकड्यांचा खेळ. दोन्ही आक्षेप आम्ही ऐकले आहेत. ज्या पारावर पट मांडला जाई त्या पारावर आपल्याला बसू दिले जात नव्हते, म्हणून तो खेळ त्यांचा झाला. शिक्षणही एके काळी त्यांचेच होते; म्हणून आपण ते सोडले का? आणि परीक्षेचे म्हणाल तर तास-दोन तास एका जागी बसून, समोरच्याच्या बाजूनेही विचार करून, आपली चूक आपणच शोधण्याची सवय कोणत्या परीक्षेला नको आहे?

प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की वजीर होते, हे सुभाषित आपल्या सभांतून फार ऐकू येते. त्यात फार रमू नये. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात प्यादे ज्या रांगेतून जाई त्या घरचाच मोहरा होई. हत्तीच्या घरी हत्ती, उंटाच्या घरी उंट. इथे पटावरसुद्धा जन्माची रांग सुटली नव्हती! आंतरराष्ट्रीय नियमात प्याद्याला हवे ते होता येते. पण राजा तिथेही होता येत नाही. आणि प्यादे चालते दुसऱ्याच्या हाताने. आपल्याला प्यादे व्हायचे नाही, आपल्याला पटासमोर बसायचे आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. १४ एप्रिलच्या जयंतीला प्रत्येक वस्तीत वर्गणी जमते. तिचा मोठा भाग डी.जे.च्या भिंतीत आणि फ्लेक्समध्ये जातो, हे आपण सारे जाणतो. त्यातल्या एका रात्रीच्या डी.जे.च्या पैशात बुद्धविहारात डझनाहून अधिक पट येतील. वस्तीची स्पर्धा भरवावी. प्रवेश शुल्क घेऊ नये. दहादहाचे गट करावेत, डच कामगारांसारखे. जो गटात पहिला येईल तो तालुक्याला जाईल. त्याचे आणि बरोबरच्या पालकाचे भाडे मंडळाने द्यावे आणि त्या पालकाचा बुडालेला रोजही द्यावा. तालुक्याचा पहिला जळगावला जाईल, तेही मंडळाच्या खर्चाने. मुलींची संख्या निम्मी असावी, आणि पाड्यावरची, मोहल्ल्यातली मुले त्यात बरोबरीने असावीत. एक वर्ष करून थांबू नये. वाइक आन झेची खरी ताकद ही की ती दरवर्षी भरली. उपासमारीनंतरच्या वर्षीही भरली. समारोपाला मेजवानी नको. पिठलं-भाकरी चालेल, पण सगळ्यांनी एका पंगतीत बसून खावी. पंगतीची किंमत महाडच्या तळ्याचे पाणी प्यालेल्या समाजाला वेगळी सांगायला नको.

यातून उद्या ग्रँडमास्टर निघेल असे आम्ही सांगत नाही. चार खेळाडूंपासून सुरू झालेल्या त्या कामगारांनीही तसे सांगितले नव्हते. त्यांनी फक्त खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्याला जिना जोडला आणि दरवर्षी त्याची डागडुजी केली. बिनजिन्याचा मनोरा कोणी बांधला याचा हिशेब आपण शंभर वर्षे मागत आहोत, तो मागत राहूच. पण आपल्या वस्तीतल्या पहिल्या पायरीचे काम कोणाच्या परवानगीवाचून अडलेले नाही. येत्या जयंती मंडळाच्या बैठकीत हा विषय मांडावा, ठराव करावा आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकात त्याचा वेगळा रकाना ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम!